यादीत नसलेलं काम

फ्रेडरिक तुस्कानोने उन्नती शिगवणला फोनवर इंग्रजीत बोलायला शिकवलं, त्याला आता नऊ वर्षं झाली. गेल्या वर्षी नोव्हेंबरात तीच उन्नती कॉम्प्युटरच्या पडद्यावर समोरच्या चौकटीत बसली होती, पण ग्राहकाच्या बाजूने. स्वच्छ इंग्रजीत ती त्याला म्हणाली, "फ्रेडरिक, हे टिपण अपुरं आहे. आम्ही ते स्वीकारू शकत नाही."

तो वसईजवळ पापडीला आपल्या घरात बसला होता. ती विरार पूर्वेला, चंदनसारला, आपल्या घरात. गाडीने गेलं तर मध्ये पाऊण तासाचा रस्ता. फ्रेडरिकला वाईट वाटलं ते नकाराचं नाही. आजवर ती त्याला 'सर' म्हणत आली होती, आज ते गेलं होतं.

"ठीक आहे, दुरुस्त करून पाठवतो," तो म्हणाला आणि त्याने कॅमेरा बंद केला.

फ्रेडरिकची कंपनी गोरेगावात होती. परदेशी संस्थांची कॉम्प्युटरची कामं करून द्यायची, हा तिचा धंदा. तो तिथे लागला तेव्हा तिशीचा होता, आता एकावन्नचा. या सगळ्या काळात त्याने एकाच ग्राहकाचं काम केलं होतं. उत्तर इंग्लंडमधल्या एका बंदरगावातली जुनी संस्था होती ती. बोटींवरचे खलाशी, गोदीतले कामगार आणि त्यांच्या विधवा यांना पेन्शन पोचवायचं तिचं काम. हिशेबाची सगळी यंत्रं फ्रेडरिकच्या माणसांच्या हातात. एके काळी बावीस माणसं होती, आणि त्यातली निम्मी वसई-विरारची.

तिकडच्या कामाचा प्रमुख मार्क नावाचा गृहस्थ होता. सतराव्या वर्षी त्या संस्थेत कारकून म्हणून लागलेला आणि तिथेच मोठा झालेला. त्याला काही हवं असलं की तो सरळ फ्रेडरिकच्या मोबाइलवर फोन करायचा. "फ्रेड, जरा बघशील का?" एवढंच म्हणायचा. फ्रेडरिक बघायचा. करार होता, नाही असं नाही, पण तो कपाटात असायचा. एका गुड फ्रायडेला दुपारी, देवळात क्रूसाच्या वाटेची प्रार्थना चालू असताना, फ्रेडरिक खिशातला फोन थरथरला म्हणून आईच्या शेजारून उठून बाहेर आला होता. तिकडची पेन्शनची फाइल बँकेकडे गेलीच नव्हती. ईस्टरच्या सुट्टीमुळे बँका चार दिवस बंद होत्या, आणि त्या संध्याकाळच्या आत फाइल बँकेच्या यंत्रात पडली नाही तर मंगळवारीही पैसे पोचणार नव्हते. संध्याकाळपर्यंत त्याने ती पाठवली. आई आठवडाभर त्याच्याशी धड बोलली नाही. तिकडून मात्र मार्कचं हाताने लिहिलेलं पत्र आलं. पुढच्याच हिवाळ्यात मार्क स्वतः भारतात आला, पापडीला घरी जेवला. सेलिनने, फ्रेडरिकच्या बायकोने, मांसाचं इंदेल आणि सोबत तळलेले फुगे केले होते. इंदेलच्या तिखटाने मार्कच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. जाताना म्हणाला, "तुम्ही आमचे पुरवठादार नाही, तुम्ही आमचेच लोक."

फ्रेडरिकने ते वाक्य मनात जपून ठेवलं होतं.

मग ती छोटी संस्था एका मोठ्या संस्थेत विलीन झाली, आणि एकेक गोष्ट बदलत गेली. आधी फोन बंद झाले. काही सांगायचं तर पोर्टलवर तक्रार नोंदवायची, तिला क्रमांक मिळणार, क्रमांकाशिवाय कोणी कशाला हात लावायचा नाही. मग दर महिन्याला गुणपत्रक येऊ लागलं. काम वेळेत झालं तर हिरवा, उशीर झाला तर पिवळा, चुकलं तर लाल. फ्रेडरिकची मुलगी मर्लिन तेव्हा दहावीला होती. ती हसून म्हणायची, "पप्पा, तुला पण मार्कशीट?" मग पुरवठादारांवर देखरेख ठेवणारा एक वेगळाच विभाग निघाला. त्यातली माणसं दर सहा महिन्यांनी बदलत. त्यांना पेन्शन म्हणजे काय ते ठाऊक नसे, पण करारातली कलमं तोंडपाठ. बावीस माणसांची चौदा झाली, चौदाची नऊ. मार्कच्या सहीला किंमत राहिली नाही, आणि एक दिवस मार्कनेही लवकर निवृत्ती घेतली. त्याच्या निरोपाच्या व्हिडिओ कॉलवर फ्रेडरिकला बोलायला एक मिनिट दिलं होतं.

शेवटी ऑगस्टात बातमी आली. ग्राहकाने पुण्यात स्वतःचंच केंद्र उघडलं होतं. आता त्यांना मधला पुरवठादार नको होता. मार्चअखेरपर्यंत फ्रेडरिकच्या माणसांनी सगळं काम पुण्याच्या माणसांना शिकवायचं, एकेक गोष्ट लिहून द्यायची, आणि एक एप्रिलला बाजूला व्हायचं. कोणकोणत्या गोष्टी द्यायच्या त्याची यादीच झाली होती. एकूण दोनशे चौदा कामं. पुण्याच्या केंद्राने प्रत्येक कामापुढे 'स्वीकारलं' अशी सही करायची. आणि ती सही करणारी होती उन्नती. दोन वर्षांपूर्वी फ्रेडरिकची नोकरी सोडून ती दुसरीकडे गेली होती, तिथून या केंद्रात आली. महिन्यातले दहा दिवस पुण्याला, बाकीचे घरून.

पहिल्या नोकरीत, पहिल्याच फोनवर तिची वाचा बसली होती. फ्रेडरिकने तेव्हा एका कागदावर मोठ्या अक्षरांत चार वाक्यं लिहून तिच्यासमोर धरली होती. ती एकेक वाचत गेली आणि फोन निभावला. आता तिला कागद लागत नव्हता. ती नेमकं विचारायची, नेमकी चूक काढायची. आपणच शिकवलेलं आपल्यावर उलटतंय, असं फ्रेडरिकला कधी वाटे. कधी वाटे की चांगलंच शिकवलं की आपण.

खरी अडचण फेब्रुवारीत समोर आली.

दोनशे चौदा कामांपैकी शेवटची पाच-सहा राहिली होती. फ्रेडरिक यादी पुन्हा वरून खाली वाचत होता, आणि त्याच्या लक्षात आलं की एक काम यादीत नाहीच. असणारही नव्हतं. ते कधी कुठे नोंदलंच नव्हतं.

विलीनीकरणाच्या पूर्वी संस्थेत नवीन यंत्रणा बसवली त्या वर्षीची ती गोष्ट. दर एप्रिलला पेन्शनची फेरतपासणी व्हायची. ज्या विधवेच्या नावापुढे नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला नसेल तिच्यापुढे यंत्रणा 'पुरावा अपुरा' असा शेरा मारायची आणि पेन्शन थांबायचं. पण जे खलाशी बोटीसकट समुद्रात गेले, ज्यांचं शव मिळालंच नाही, त्यांचा दाखला कुठून येणार? जुन्या काळी बोटीच्या मालकाच्या पत्रावर काम भागत होतं. नवीन यंत्रणेला पत्र कळत नव्हतं. त्या पहिल्या एप्रिलला एकशे त्रेचाळीस बायकांचं पेन्शन थांबलं. त्यातली एक म्हातारी नवऱ्याचा फोटो घेऊन मार्कच्या टेबलापाशी आली होती. मार्कने लगेच फोन केला. "फ्रेड, आपला माणूस बुडाला हे सिद्ध करायला पुन्हा कुठल्या बाईला माझ्या दारात यावं लागू नये. काहीही कर."

फ्रेडरिकने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. दर मार्चच्या शेवटी तो चालवायचा, की त्या बायकांच्या नावापुढचा शेरा निघून जायचा. तेव्हापासून दर वर्षी ते काम तो स्वतः करत आला. दर वर्षी काही नावं कमी व्हायची, तीही तोच काढायचा. आता एकसष्ट उरली होती. त्यात आठ मार्गारेट होत्या. सगळ्यांत लहान एकोणऐंशी वर्षांची.

फोनवर सांगितलं, फोनवर झालं. तक्रार क्रमांक नाही, मंजुरी नाही, कागद नाही. त्या काळी कागदाची गरज कोणाला वाटली नव्हती.

फ्रेडरिकने कल्पेशला मेल लिहिला. कल्पेश त्याचा वरिष्ठ, या ग्राहकाचा सगळा व्यवहार बघणारा, वयाने त्याच्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. मेलचं उत्तर आलं नाही. फोन आला. "फ्रेडरिक, उद्या ऑफिसला या. समोरासमोर बोलू."

दुसऱ्या दिवशी कल्पेशने केबिनचं दार लावून घेतलं.

"हे तुम्ही आणखी कोणाला लिहिलंय?"

"नाही. यादीत भर घालायची तर तुमची सही लागते, म्हणून तुम्हालाच."

"मग इथेच थांबवा." कल्पेश शांतपणे बोलत होता. "हे सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की इतकी वर्षं आपण त्यांच्या चालू यंत्रणेवर मंजुरी नसलेला प्रोग्रॅम चालवतोय? त्यांचे वकील आपल्याला फाडून खातील. यादी कोणी केली? त्यांनी. त्यात नाही, म्हणजे ते आपलं काम नाही."

"एप्रिलला त्या बायकांचं पेन्शन थांबेल, कल्पेश."

"थांबेल. मग पुण्याच्या लोकांना कारण सापडणार नाही, आणि ते आपल्याला बोलावतील. तीन महिन्यांची मुदतवाढ मिळेल. तेवढ्या वेळात मी तुमच्या नऊच्या नऊ जणांना दुसऱ्या कामांवर बसवतो. आता माझ्याकडे कुठेच जागा नाही." त्याने डोळ्यांवरचा चष्मा काढला. "मी काही राक्षस नाही. पण माझी माणसं इथली आहेत. त्या बायका तिकडच्या आहेत."

कल्पेशचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या नवांतली नालासोपाऱ्याची टिफनी त्याच्या डोळ्यांसमोर आली. नवऱ्याचं काम सुटलेलं, घरी दोन लहान मुलं. मार्चनंतर आपलं काय, असं ती दर आठवड्याला त्याला विचारत होती.

घरी आल्यावर त्याने सेलिनला सगळं सांगितलं. सेलिन शाळेत शिकवत होती. ती उत्तरपत्रिका तपासता तपासता ऐकत होती. मग पेन खाली ठेवून म्हणाली, "मार्कला विचार ना. त्यानेच सांगितलं होतं. तो म्हणाला की मी सांगितलं, तर तुझ्यावर कशाला येईल?"

हे फ्रेडरिकला पटलं. त्याचा जीव थोडा हलकाही झाला. रविवारी दुपारी त्याने मार्कला फोन लावला. मार्क खुशीत होता. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, नातीचा बाप्तिस्मा झाला होता. पापडीची केळी अजून आठवतात म्हणाला. फ्रेडरिकने हळूहळू विषय काढला.

"फ्रेड," मार्क म्हणाला, "तू काहीतरी केलं होतंस एवढं आठवतंय. पण मी तुला नेमकं तसं करायला सांगितलं होतं, असं मला आठवत नाही."

"तू म्हणाला होतास, काहीही कर."

"असेन म्हणालो. माणूस बोलतो घाईत." त्याचा आवाज खाली गेला. "हे बघ, नव्या संस्थेत मी अजून सल्लागार आहे, महिन्यातले चार दिवस. माझं नाव यात येऊ देऊ नकोस. प्लीज."

फ्रेडरिक म्हणाला, "ठीक आहे." नातीला आशीर्वाद सांग म्हणाला. फोन ठेवला. सेलिनने काय झालं विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "त्याला आठवत नाही."

त्याला मार्कचा राग आला नाही, आणि याचंच त्याला नवल वाटत होतं. मार्क खोटं बोलत होता असंही नाही. एका माणसाने दुसऱ्याला फोनवर काहीतरी सांगितलं, दुसऱ्याने ते केलं, दोघांनाही ते मैत्रीसारखं वाटलं. पण एकाला त्या मैत्रीची आठवण ठेवणं परवडत होतं, दुसऱ्याला नव्हतं. आणि नोकरी टिकवायची तर आपणही विसरावं, हा सोपा रस्ता फ्रेडरिकलाही मोकळा होता. त्याने दहा-बारा दिवस तो रस्ता धरून पाहिला. यादीतली उरलेली कामं पुरी केली. उन्नतीने त्यांवर सह्या केल्या. दोनशे चौदापैकी दोनशे चौदा. गुणपत्रक हिरवं. मात्र मर्लिन काही बोलली तर त्याला दोनदा सांगावं लागे.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी देवळात मिस्सा आटपून तो सेलिनला म्हणाला, "मी चंदनसारला जाऊन येतो."

तिने विचारलं नाही कोणाकडे. "जेवायला येशील?"

"माहीत नाही."

उन्नतीच्या आईने, जयवंतीबाईंनी, दार उघडलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "अहो, बघा कोण आलंय. उन्नतीचे सर." उन्नतीचे वडील रमेश शिगवण आतून लगबगीने आले, त्यांनी फ्रेडरिकला सोफ्यावर बसवलं. या माणसाने आपल्या मुलीला पहिली नोकरी दिली, हे त्या घरात अजून कोणी विसरलं नव्हतं. उन्नती मात्र दारात उभी राहिली होती. तिच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा काळजी जास्त होती. चहा झाल्यावर ती त्याला बाल्कनीत घेऊन गेली.

"सर, असं घरी भेटणं बरोबर नाही. हस्तांतर चालू असताना पुरवठादाराला खासगीत भेटायचं नाही, असा नियम आहे आम्हाला. मेलवर लिहिलं असतं तर…"

"मेलवर येणार नाही, असंच आहे ते."

घरी ती त्याला 'सर' म्हणत होती, हे त्याच्या लक्षात आलं. आणि आपण तिला अडचणीत टाकतोय, हेही. तरी त्याने सांगितलं. म्हातारी, फोटो, एकशे त्रेचाळीस, एकसष्ट. मार्कचं नाव घेतलं नाही. "मी केलं" एवढंच म्हणाला.

उन्नती कठड्याला धरून ऐकत होती. समोरच्या इमारतीचं प्लास्टर चालू होतं. त्या आवाजात त्याला दोनदा थांबावं लागलं.

"सर, हे मी ऐकायला नको होतं," ती म्हणाली. "आता ऐकलं म्हणजे मला लिहावं लागेल. कोणी सांगितलं तेही लिहावं लागेल."

"लिही."

"तुमच्या कंपनीला विचारलंत?"

"ते नको म्हणाले."

"मग तर तुमची नोकरीच जाईल."

"उन्नती, माझ्या जागी तू असतीस तर?"

तिने मान हलवली, होकाराची की नकाराची ते कळेना. "मला माहीत नाही, सर. मला अजून या घराचे हप्ते आहेत, बाबा पुढच्या वर्षी रिटायर होतायत. खरंच माहीत नाही." आणि पुढे म्हणाली, "उद्या सकाळी दहापर्यंत थांबते. तोवर तुमचा विचार बदलला तर मला फोन करा. मी समजेन की तुम्ही नुसते आईबाबांना भेटायला आला होतात."

फ्रेडरिकने फोन केला नाही.

सोमवारी साडेबाराला त्याच्या कॉम्प्युटरवरून ग्राहकाच्या यंत्रणेचा रस्ता बंद झाला. संकेतशब्द टाकला तर 'प्रवेश नाही' असं येई. तीन वाजता कल्पेशचा फोन आला. तो ओरडला नाही. "तुम्ही मला विचारलंत, मी नाही म्हटलं, तरी गेलात. न विचारता गेला असतात तर मी काहीतरी केलं असतं," एवढं बोलून त्याने ठेवून दिला. मग चौकशीचे तीन कॉल झाले. इंग्लंडमधले दोघे, कंपनीचा एक वकील आणि समोर एकटा फ्रेडरिक. तोंडी सूचना कोणाची होती, असं त्यांनी त्याला चार वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं. चारही वेळा तो म्हणाला की निर्णय माझा होता. उन्नतीचा अहवाल त्याला दाखवला गेला. दीड पान. त्यात कुठेही त्याला झाकलेलं नव्हतं. घरी झालेली भेट, तारीख, वेळ, सगळं. एका ओळीत मात्र लिहिलं होतं की ही माहिती संबंधिताने स्वतःहून, कोणताही फायदा न मागता दिली. फ्रेडरिकने ती ओळ पुन्हा वाचली. ती त्याच्यासाठी लिहिली होती की फक्त खरी होती म्हणून, हे त्याला ठरवता आलं नाही.

मुदतवाढ मिळाली नाही. एकतीस मार्चला नऊही जणांचं काम संपलं. कल्पेशने खटपट करून पाच जणांना दुसरीकडे बसवलं. टिफनी त्या पाचांत नव्हती. शेवटच्या दिवशी लॅपटॉप जमा करायला सगळे गोरेगावला गेले होते. पार्किंगमध्ये ती फ्रेडरिकपाशी येऊन थांबली.

"सर, त्या एकसष्ट बायका तुम्हाला दिसल्या," ती म्हणाली. "तुम्ही त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. मी रोज तुमच्यासमोर होते."

"टिफनी, मी तुझ्यासाठी दोन ठिकाणी बोललोय."

"माहितीय. थँक्यू, सर." ती गेली. तिच्या आवाजात राग असता तर त्याला सोसायला सोपं गेलं असतं.

फ्रेडरिकचा राजीनामा मागून घेतला गेला. एकवीस वर्षांच्या अनुभवाच्या पत्रात तीन ओळी होत्या.

त्या बायकांचं काय झालं, हे त्याला अधिकृतपणे कोणी कळवलं नाही. कळवायचं कारणही नव्हतं. एप्रिलच्या मधल्या आठवड्यात जयवंतीबाईंनी सेलिनला फोन केला. कुठल्याशा लग्नाचं बोलता बोलता म्हणाल्या, "उन्नतीने सांगायला सांगितलंय की तिच्या ऑफिसात या महिन्यात सगळं वेळेवर झालं. मला काही कळलं नाही, पण सरांना कळेल म्हणाली." सेलिनने तो निरोप जसाच्या तसा सांगितला. फ्रेडरिक मागच्या वाडीत केळीला पाणी सोडत होता. "बरं झालं," तो म्हणाला आणि पाट वळवायला पुढे गेला. सेलिनने पाहिलं की पाणी दुसऱ्या सरीत भरून वाहायला लागलं तरी त्याचं लक्ष नव्हतं.

जूनमध्ये त्याला वसई पूर्वेच्या एका छोट्या कंपनीत मुलाखतीला बोलावलं. ऑस्ट्रेलियातल्या ग्राहकांची कामं घेणारी कंपनी होती ती. मुलाखत घेणारी निधी म्हणून तिशीतली बाई. तिने त्याचा अर्ज नीट वाचला होता. कामाचं सगळं विचारून झाल्यावर म्हणाली, "एवढी वर्षं एकाच ठिकाणी, मग सोडलंत का?"

सेलिनने बजावलं होतं, प्रोजेक्ट संपला एवढंच सांग. ते खोटंही नव्हतं. फ्रेडरिकने तोंड उघडलं ते तसंच सांगायला. आणि मग त्याने सगळं सांगितलं.

निधीने मध्ये अडवलं नाही. शेवटी पेन फिरवत म्हणाली, "म्हणजे वरिष्ठांनी नको सांगितलेलं तुम्ही ग्राहकाला सांगितलंत."

"हो."

"आमच्या एखाद्या ग्राहकाच्या बाबतीत असं झालं तर?"

फ्रेडरिकने विचार केला. त्याला ही नोकरी हवी होती. मर्लिनचं कॉलेज सुरू व्हायचं होतं. "आधी तुम्हाला सांगेन," तो म्हणाला. "परत परत सांगेन. सगळं लिहून ठेवेन, तेव्हा ठेवलं नव्हतं. पण तरीही तुम्ही गप्प राहा म्हणालात तर काय करीन, ते मी आज इथे बसून खात्रीने सांगू शकत नाही."

तिने त्याचा अर्ज मिटून बाजूला ठेवला. "कळवतो आम्ही," म्हणाली आणि दारापर्यंत सोडायला आली.

तीन आठवडे झाले. अजून काही कळवलेलं नाही.